चारशे सतरा नंबरची गिटार

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहून सुरुवात करायची, ही आम्हा निवृत्त पोलिसांची जुनी खोड. मीही तेच लिहिणार होतो. पण ही घटना तशी किरकोळ होती. खून नाही, दरोडा नाही, पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. जेवणाच्या डब्यात भाकरीखाली सापडलेला चार बोटं रुंदीचा एक पितळी तुकडा, एवढाच मुद्देमाल. याहून कितीतरी मोठे गुन्हे मी उघडकीस आणले आणि विसरलो. हा तुकडा विसरता येत नाही, कारण या प्रकरणात माझेही हात स्वच्छ नव्हते. कसे, ते ओघाने येईलच.

तेव्हा मी चाकण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी एका कंपनीच्या सुरक्षा सुपरवायझरचा फोन आला. प्रेसवर पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणारी ही कंपनी. तिथून काही महिन्यांपासून पितळेचे गज गायब होत होते आणि तशी तक्रार आमच्याकडे पडून होती. सुपरवायझर म्हणाला, “साहेब, चोर घावला. टूलरूमचा फिटर आहे. शिफ्ट सुटताना गेटवर डबा उघडला, तर आत माल.”

मला त्या सुपरवायझरचं फार कौतुक वाटलं. ते पुढे मला गिळावं लागलं.

फिटरला आणलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला माणूस. ठाण्याच्या दारात त्याने चप्पल काढली. माझा अनुभव असा, की आमच्या दारात चप्पल काढणारा एकतर पहिल्यांदाच आलेला असतो, नाहीतर फार मुरलेला असतो. मी याला मुरलेल्यात धरलं. माझा आवाज मोठा, आणि चौकशी म्हणजे आवाज असा माझा बरीच वर्षं समज होता.

“हे काय आहे?”

“पितळ, साहेब.”

“ते मलाही दिसतंय. कशाचा भाग आहे?”

त्याने चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी सारखी केली.

“कोणाला विकणार होतास?”

“विकायचं न्हाई.”

“बाकीचे गज कुठे आहेत?”

“गजांचं मला माहीत न्हाई. हा तुकडा भंगाराच्या पेटीतला. जेवणाच्या सुट्टीत मिलिंग मशीनवर मी केला. गेटपास घेतला न्हाई, ही चूक माझी. लिहून घ्या.”

मी टेबलावर हात आपटला, कोठडी दाखवली, निवृत्तीच्या तोंडावर नोकरी जाईल हेही सांगून झालं. तासाभराने त्याने एकच विनंती केली, “साहेब, चऱ्होलीला तेवढं कळू देऊ नका.” मी लगेच कान टवकारले. माल चऱ्होलीला जातो, तिथे याचा घेणारा आहे, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

आमचे हवालदार मावळातले, माझ्याहून वयाने मोठे. पंचनाम्यात तुकड्याचं वर्णन लिहिताना त्यांनी तो उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

“साहेब, खालच्या अंगाला नंबर हाय. चारशे सतरा.”

फिटरच्या खिशाला लावलेल्या कंपनीच्या बिल्ल्यावरही तोच नंबर होता. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, “चोर कदी मालावर आपला नंबर ठोकतो व्हय?”

मी फिटरला विचारलं. पहिल्यांदाच त्याला लाज वाटल्यासारखं दिसलं. टूलरूममध्ये ज्याने जॉब, म्हणजे एखादा नग, केला, त्याने त्यावर आपला टोकन नंबर पंचने, म्हणजे अंक कोरलेल्या पोलादी खिळ्याने, ठोकायचा, अशी पद्धत. पुढे जॉब बिघडला, तर ज्याचा त्याच्याकडे परत यावा म्हणून.

“पस्तीस वर्षांची सवय, साहेब. जॉब हातावेगळा झाला की पंच आपसूक हातात येतो. ठोकल्यावर ध्यानात आलं. घासून काढणार होतो. मग म्हटलं, राहू दे. त्याला कळायलाच पायजे कुणी केलाय ते.”

“कोणाला?”

तो हवालदारांकडे वळला. “सही कुठं करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरला आणि दोन पंचांना घेऊन आम्ही काळेवाडीला त्याच्या घराची झडती घेतली. पत्र्याची खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, शेल्फवर घासूनपुसून लावलेली भांडी. गज सोडा, पितळेचा तांब्यासुद्धा नव्हता. कपाटावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. मला वाटलं, सापडलं. चादर सोडली, तर आत इलेक्ट्रिक गिटार. तारा नव्हत्या, आणि तारा ज्यावर टेकतात तो ब्रिजही नव्हता. ती जागा चार बोटं रुंदीची होती.

फिटरची बायको इतका वेळ दाराला टेकून उभी होती. आता तिला राहवलं नाही.

“दोन वर्षं झाली, साहेब, हे खूळ घरात हाय. कोथिंबीर आणायला धाडावं, तर गिटारच्या खुंट्या घेऊन येतात. हे लाकूड बघा, पुनावळ्यात बिल्डिंगसाठी घर पाडलं, त्याच्या सागवानी चौकटीचं. ही मान भंगारवाल्याकडच्या मोडक्या गिटारची. आणि आवाज पकडायच्या त्या काळ्या डब्या हायत ना, त्यांतली केसावानी तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं बसून स्वतः गुंडाळली. सगळा संसार असा वेचून वेचून.”

हवालदारांनी गिटार हातात धरून बघितली. ऐन उमेदीत त्यांनी बेंजो वाजवला होता. “साहेब, ही उलटी बनलीय. डावखुऱ्याची. चुकला वाटतं गडी.”

“चुकली न्हाई,” फिटर म्हणाला. “धाकट्याचा हात उलटा झालाय.”

आणि मग सगळं बाहेर आलं. मला आवाज चढवावा लागला नाही.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. दोघे एकाच कंपनीत, फिटर टूलरूमला आणि धाकटा प्रेसवर. धाकटा भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. शिफ्ट करून आला की पत्र्याच्या या खोलीत सराव, आणि थोरला शेजारी बसून ऐकायचा. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. माल झटपट निघावा म्हणून एक बटण चिंधीने बांधून ठेवायचं, हा तिथला रिवाज.

“प्रेसचा साचा म्हणजे डाय, ती मीच बसवली होती. वरून सांगितलं म्हणून, पण चिंधी मीच बांधली. धाकट्याची डाव्या हाताची तीन बोटं गेली. डायवर नंबर माझा होता, साहेब. तो त्यानं बघितला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला न्हाई. चऱ्होलीला एका सोसायटीच्या गेटवर बसतो. अंगठा आणि एक बोट राहिलंय, त्यांत तारा छेडायची पट्टी धरता येती. तारा दाबायला उजवा हात शिकवावा लागंल. म्हणून उलटी गिटार. एकदा त्याचं वाजणं ऐकायचंय, बाकी मला काही नको.”

मी विचारलं, अपघात कुठे झाला? कंपनी तेव्हा पिंपरीत होती, चाकणला नंतर आली. अपघात बारा वर्षांपूर्वीचा, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीचा.

त्या वर्षी पिंपरीत मी उपनिरीक्षक होतो. पंचनामा माझा होता. ‘कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे’ हे शब्द माझे, खालची सही माझी. बटणाला चिंधी लोंबत होती. मी पाहिली होती. विचारलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी जयंतीचा बंदोबस्त होता आणि मला कागद उरकायचे होते.

त्याहून वाईट पुढेच आहे. त्या बंदोबस्तात स्टेजच्या डाव्या बाजूची जागा मी दर वर्षी मागून घ्यायचो, कारण तिथून गिटारवाल्याची बोटं दिसायची. ड्यूटीवर गाणं ऐकणं आम्हाला शोभत नाही, म्हणून चेहरा कडक ठेवून ऐकायचो. त्या वर्षी गिटारवाला आलाच नाही, आणि मी वैतागून शेजारच्या शिपायाला म्हणालो होतो, “यंदा मजा नाही राव.” आदल्याच दिवशी मी त्याच माणसाच्या माथी हलगर्जीपणा मारून आलो होतो. बँडेजमधल्या माणसाचा चेहरा मी वर मान करून पाहिलासुद्धा नव्हता.

गजांचा तपास मग फार अवघड गेला नाही. गेटचं रजिस्टर मागवलं. ज्या ज्या आठवड्यात गज कमी भरले, त्या त्या आठवड्यात भंगाराचा टेम्पो सुपरवायझरच्याच ड्यूटीत बाहेर गेला होता. पुढचा टेम्पो आम्ही रस्त्यात अडवला. पत्र्याच्या कातरणाखाली गज निघाले. आपल्यावरचा संशय दुसरीकडे वळवायला त्याला एक डबा हवा होता, तो फिटरचा सापडला. कंपनीच्या मॅनेजरने तुकडा भंगारातलाच असल्याचा आणि तो फिटरला द्यायला हरकत नसल्याचा जबाब लिहून दिला.

पण सील लावलेला मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुटत नाही. फिटर निवृत्त झाला, तरी तुकडा आमच्या कपाटातच होता. दर सोमवारी तो ठाण्यात यायचा, दारात चप्पल काढायचा, ठाणे अंमलदाराला “जय भीम” घालायचा आणि विचारायचा, “आला का कागद?” मी ‘अजून नाही’ म्हणायचो. अखेर आदेश आला. पावतीवर सही करून त्याने तुकडा रुमालात बांधला, आणि आठवड्याभरात गिटार पुरी करून माझ्यासमोर ठेवली.

“मी गेलो तर तो दार लावून घेईल. तुम्ही द्याल का, साहेब?”

मी साध्या कपड्यांत चऱ्होलीला गेलो. धाकटा गेटवरच्या केबिनमध्ये बसला होता. डावा हात खिशात. मी गिटार कुणी केली ते सांगितलं, आणि मग माझं सांगितलं. पंचनामा माझा होता, चिंधी दिसली होती, लिहिली नाही. जे पाहिलं होतं ते मी एका कागदावर लिहून, सही करून नेलं होतं. तसंच पत्र वरिष्ठांनाही पाठवलं होतं. धाकट्याने कागद दोनदा वाचला.

“तुमची सही पाठ हाय मला,” तो म्हणाला. “जुना कागद अजून घरात हाय.” नवा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. गिटारकडे बघितलं नाही. फक्त म्हणाला, “ठेवा तिथं.”

मी ती कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि परतलो. फिटरला एवढंच कळवलं, ठेवून आलोय.

चार-पाच महिने गेले. एका रविवारी सकाळी फिटरचा फोन आला. आधी तो नुसता हुंदकेच देत होता. धाकटा काळेवाडीच्या दारात आला होता, खांद्याला गिटार. आत आला नाही. म्हणाला, “चौथी तार खरखरतीय. खाली नंबर तुझा हाय. नीट करून दे.” थोरल्याने ओट्यावर बसून ब्रिज खोलला, घासला, परत बसवला. धाकटा उभ्यानेच बघत राहिला, पाणी प्याला आणि गिटार घेऊन निघून गेला.

“पण साहेब,” फिटर म्हणाला, “जॉब परत आला.”

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. माणूस घाईत खोटा कागद करतो, सही ठोकतो आणि पुढच्या बंदोबस्ताला निघून जातो. मी अशा किती सह्या केल्या असतील, देव जाणे. त्यातला एकच कागद दुरुस्त झाला, आणि तोही मी चालत जाऊन केला. बाकीच्यांची हुरहूर आता या वयात लागते, दुपारी डोळा लागत नाही तेव्हा.

यंदाच्या जयंतीला मी पिंपरीला गेलो. गणवेश नव्हता, त्यामुळे चेहरा कडक ठेवायची गरज नव्हती. स्टेजच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तर फिटर आधीच तिथे होता. धाकटा मागच्या ओळीत बसला होता. एकाच गाण्याला त्याने साथ दिली. उजवा हात अजून चाचपडत होता, दोनदा बोट चुकलं. जुनं वाजणं ते नव्हतंच. पण गिटारचा आवाज सागवानासारखा भरीव येत होता, आणि शेजारी थोरला डोळे मिटून उभा होता.

गाणं संपलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळला.

“चौथी तार अजून खरखरतीय, साहेब.”

“मला तर ठीक वाटली.”

“न्हाई,” तो म्हणाला, “थोडी हाय. परत आणू दे त्याला.”