बापूआजोबा आणि बोटीवरची काच

बापूआजोबा घरात आले की आधी माझा चष्मा मागत. पाणी नाही, चहा नाही. दाराशी चपला काढायच्या, हात पुढे करायचा आणि म्हणायचे, "आणा इकडे, वहिनी. किती दिवस या धुक्यातून जग बघताय?" मग खिशातून फ्लॅनेलचा पिवळा तुकडा निघे. काचांवर फुंकर, दोन्ही बाजूंनी पुसणे, खिडकीसमोर धरून तपासणे, आणि शेवटी ते स्वतःच्या हाताने चष्मा माझ्या नाकावर बसवत. आमच्या अकोट्याच्या नाक्यावर रिक्षा थांबली, तर खाली उतरून रिक्षावाल्याची पुढची काच पुसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. "दिसलं पाहिजे," ते म्हणत, "बाकी सगळं नंतर."

इरा, नील, तुम्हाला ते बोटवाले आजोबा म्हणून आठवतात. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. मी त्यांना भावोजी म्हणत असे. सगळी नोकरी त्यांनी एका रसायनांच्या कारखान्यात काढली. यंत्रांवरच्या तबकड्यांचे काटे नीट चालतात की नाही हे बघण्याचे काम. ते आणि त्यांची बायको सुमन सुभानपुऱ्यात राहत. मूलबाळ नव्हते. तुमचे आजोबा गेल्यानंतर दर रविवारी दोघे माझ्याकडे जेवायला येत, आणि भावोजी निवृत्त झाल्यापासून त्या जेवणात बोटीखेरीज दुसरा विषय नसे.

बोट त्यांनी जुनी घेतली होती. नर्मदेवर, चांदोदच्या बाजूला, ती एका ओळखीच्या नावाड्याच्या घाटाशी बांधलेली असे. खाली छोटी खोली आणि वर, शिडी चढून गेले की, चालवणाऱ्याची उंच जागा. तिला भावोजी ब्रिज म्हणत. तिथे सुकाणूचे चाक, एक बाक, पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्रीचे छप्पर आणि चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकचे पडदे. उन्हाने ते पडदे पिवळे पडून तडकले होते. पावसात पाणी थेट मांडीवर, थंडीत वारा थेट छातीवर. "बोट चांगली आहे, वहिनी," ते म्हणाले, "पण तिला मोतीबिंदू झालाय. तो काढला पाहिजे."

मग सुभानपुऱ्याच्या घरात जे सुरू झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दिवाणखान्यात पडद्यांच्या नळ्या दोरीने बांधून त्यांनी ब्रिजचा सांगाडा उभा केला. मधोमध स्टुलावर सुमनला बसवले आणि चाक म्हणून तिच्या हातात पुरणाची परात दिली. स्वतः वर्तमानपत्राची सुरळी उंच धरून खोलीभर फिरत होते.

"आता दिसतोय?"

"दिसताय."

"आता?"

"अर्धे."

"म्हणजे इथं शिवण नको. शिवण डोळ्यांच्या आड येता कामा नये. वळू नकोस, समोर बघ! आता?"

"अहो, कुकरची शिट्टी दिसायला लागली मला," सुमन म्हणाली. "परात ठेवू का खाली?"

कुठल्या कोपऱ्यात कुठला पाइप काय झाकतो याचा त्यांनी असा शोध घेतला, आणि मगच माप घेऊन ट्रकची कव्हरे शिवणाऱ्या हसमुखभाईंकडे गेले. मीही सोबत होते. हसमुखभाई कागद उलटासुलटा करून म्हणाले, "काका, ट्रकनुं कवर होय तो सांजे लई जाओ. पण आ शुं छे?" ट्रकचे कव्हर ते संध्याकाळपर्यंत देणार होते, पण हे काय, ते त्यांना कळेना.

"आ बारी छे," भावोजी म्हणाले. "बारी सीववानी छे."

खिडकी शिवायला सांगणारे गिऱ्हाईक हसमुखभाईंना पहिलेच भेटले असावे. पण त्यांनी शिवली, आणि सुरेख शिवली. जाड, पाण्यासारखे स्वच्छ पडदे, त्यांना चेन, गुंडाळून वर बांधायला पट्टे. बोटीवर ते चढवले त्या दिवशी भावोजी लहान मुलासारखे आत-बाहेर करत होते.

दसऱ्याला मात्र घोटाळा झाला. वाहनाची पूजा करायची म्हणून सुमन आदल्या दिवशी घाटावर गेली. झेंडूची माळ नेली, हळदकुंकू नेले, आणि बोट लखलखीत दिसावी म्हणून रांगोळी आणि लिंबूही नेले. घरची समई आणि तांब्या जसे घासते तसे तिने ते पडदे मन लावून घासले. ओले होते तोवर छान दिसले. वाळले आणि ऊन पडले, तेव्हा सगळ्या प्लास्टिकवर बारीक ओरखड्यांची साय धरली होती. सुमन रडायच्या बेतात. भावोजी त्या सायीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "सुमन, तू माझ्या बोटीची समई केलीस. आता वात तेवढी लाव."

ते रागावले नाहीत. त्यांनी समोर कडक, न वाकणारा पत्रा बसवून घेतला, हेल्मेटला असतो तसा पारदर्शक, आणि बाजूंना नवे पडदे. या वेळी एकही फट राहू दिली नाही. वारा बंद, पाणी बंद. पाहिजे तर आत बसून पत्ते खेळावेत.

आणि काही दिवसांतच ते म्हणाले, "पुन्हा धूसर झालंय."

सगळ्यांनी सुमनकडे पाहिले. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "वहिनी, देवाशपथ, मी हात लावलेला नाही. आता तर मी तिथं उदबत्तीसुद्धा लांबून ओवाळते." पुढच्या रविवारी आम्ही तिघे घाटावर गेलो. मी वर चढले, चाकाच्या बाकावर बसले आणि त्या काचेतून पाहिले. पलीकडच्या घाटावर वाळत घातलेल्या लुगड्याचे काठ दिसत होते. माझ्या शेजारी उभे राहून भावोजी पिवळ्या फ्लॅनेलने तीच जागा पुसत होते. "बघा, वहिनी. उजेड कमी येतोय की नाही?"

दोष काचेत नव्हता, हे मला तिथे कळले.

त्यानंतर मी त्यांना निरखू लागले. आपल्याकडे पान वाढताना चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे तुम्हाला मी शिकवलेले आहे. एका रविवारी भावोजींचे जेवण होत आले आणि ते म्हणाले, "आज चटणी नाही केलीत?" चटणी पानात होती. डावीकडे. लिंबाची फोडही तशीच. सुमनने आणि मी एकमेकींकडे पाहिले. तिने हळूच पान थोडे फिरवले आणि ते म्हणाले, "अरे, ही काय!" आणि चाटूनपुसून खाल्ली. मग सुमनने मला सांगितले की स्कूटरची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली आहे, आणि भावोजींच्या मते खांबच वाकडा आहे.

मला माझ्या सासूबाई आठवत होत्या. शेवटी शेवटी त्या भिंतीला हात लावून चालत. सगळे म्हणत, वय झाले. कोणी डॉक्टरकडे नेले नाही.

"भावोजी, डोळे दाखवून या," मी सरळ सांगितले.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? त्या पत्र्यात खोट आहे."

"पत्र्यातून मला लुगड्याचे काठ दिसले."

"तुमचा चष्मा मी पुसलेला होता," ते हसून म्हणाले. मग माझा चेहरा बघून हसणे थांबवले. "बरं. मुलं येऊन जाऊ देत. मग दाखवतो."

मुले म्हणजे तुम्ही. नाताळच्या सुट्टीत तुम्ही येणार होतात आणि तुम्हाला बोटीतून फिरवायचे हे वर्षभर ठरलेले होते. मी म्हटले, बोट त्या नावाड्याला चालवू द्या. ते त्यांनी मुळीच मानले नाही. शेवटी असे ठरले की पाणी संथ असेल त्या सकाळी, काठाकाठाने, थोडेच जायचे आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचे. सुमनने दोघांना सुरक्षा जॅकेट घट्ट बांधली. इतकी, की नील म्हणाला, "आजी, मला श्वास घेता येत नाहीये."

ती सकाळ गार होती. भावोजींनी कौतुकाने सगळ्या चेन लावून घेतल्या. "बघा, घरात बसल्यासारखं वाटतं की नाही?" वाटत होते. पण बंद जागेत पाच माणसांचा श्वास आणि सुमनच्या थर्मासमधला चहा. थोड्याच वेळात काचेवर आतून वाफ धरली. या वेळी दोष खरोखर काचेत होता, आणि त्यांना तो कळला नाही, कारण त्यांच्यासाठी काच रोजच तशी होती. ते नेहमीच्या शांतपणे समोर पुसत होते. मी डावीकडे रुमालाने पुसत होते, पुसेपर्यंत पुन्हा वाफ येत होती, आणि इंजिनाच्या आवाजाशिवाय बाहेरचे काही ऐकूही येत नव्हते. मी म्हटले, "भावोजी, पडदे उघडू या."

"मुलांना वारा लागेल, वहिनी."

इरा, तू बाहीने एक गोल पुसलास आणि किंचाळलीस, "आजोबा, बोट!"

डावीकडून यात्रेकरूंची होडी येत होती. अगदी जवळ. भावोजींनी इंजिनाची दांडी मागे ओढली, आपली बोट थरथरून थांबली, लाट उठली आणि होडी एका बाजूला कलली. बायका ओरडल्या. कोणाच्या तरी पिशवीतले नारळ पाण्यात गेले. माणूस कोणी गेला नाही. मी आजही हे लिहिताना थांबून पुन्हा स्वतःला सांगते की माणूस कोणी गेला नाही.

सुमनने पडदा उघडला तेव्हा होडीवाला उभा राहून, दिसत नाही का म्हणून ओरडत होता, "ओ काका! देखातुं नथी?"

असे कोणी विचारले की माणूस उलट ओरडतो. मला वाटले, आता दोघांची जुंपणार. भावोजींनी दोन्ही हात चाकावरून काढले, मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाले,

"ना भाई. नथी देखातुं."

होडीवाला खाली बसला. कोणीतरी हात घालून तरंगणारे नारळ वर घेतले आणि होडी निघून गेली.

मग भावोजी उठले आणि त्यांनी एकेक करून सगळ्या चेन उघडल्या. सगळे पडदे वर बांधले. इतके दिवस बाहेर ठेवलेला वारा एकदम आत आला. तुम्हाला पुढचे आठवते ते खेळ म्हणून. इरा डावीकडे, नील उजवीकडे. "मी इंजिन, तुम्ही डोळे. काय दिसतं ते सांगा. मोठ्यानं सांगा." तू म्हणालीस, "म्हैस!" नील म्हणाला, "दोन माणसं, एक छत्री!" "म्हैस किती लांब? पोहतेय की उभी आहे?" ते विचारत होते आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने आपण घाटाला लागलो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्यांनी इंजिनाची किल्ली काढून नावाड्याच्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही.

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरकडे गेले. काचबिंदू होता. गेलेले दिसणे परत येणार नाही, राहिलेले थेंबांनी टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तो दुखत नाही, कडेने येतो आणि मधले सगळे नीट दिसत राहते, म्हणून माणसाला वाटते की दोष काचेत आहे. घरी आल्यावर ते सुमनला म्हणाले, "शिवण डोळ्यांच्या आड येऊ नये म्हणून केवढा खटाटोप केला मी! तुला परात धरायला लावली. आणि शिवण निघाली ती कुठं!"

पुढची काही वर्षे ते दिवसातून ठरल्या वेळी थेंब घालत. रविवारी येतच राहिले. माझा चष्मा पुसत, पण आता नाकावर बसवण्याआधी विचारत, "डावीकडं काय दिसतंय, वहिनी?" आणि मी सांगितल्याशिवाय सोडत नसत. मागच्या थंडीत झोपेतच त्यांचे हृदय थांबले. तो पिवळा तुकडा सुमनने मला दिला आहे.

आता मी हे का लिहायला बसले ते सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी बोलता बोलता चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मी विचारले, तर म्हणाला, "आई, काही नाही गं, काचा खराब झाल्यात. नवा करायला टाकतो." हा आजार घराण्यातून उतरतो. मी त्याला डॉक्टरांकडे जायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "बरं, हे काम संपलं की दाखवतो." हे वाक्य मी आधी ऐकलेले आहे.

म्हणून तुम्ही दोघांनी एक करायचे. आज जेवताना बाबांचे पान मी शिकवले तसे वाढा. काही बोलू नका, पान फिरवू नका. आणि मग मला फोन करा. तो काय म्हणाला ते मला सांगू नका. डावीकडची चटणी त्याने घेतली की नाही, तेवढे सांगा.