तुडवलेला सांभार

आमच्या घरात सकाळी सांभार चिरला जाऊ लागला की माझे पाय आपोआप चपला शोधू लागतात. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. मंगरूळपीरला आणि एकूणच आमच्या वऱ्हाडात तिला हेच नाव. विळीवर जुडी आडवी पडते, पहिला काप बसतो, देठांतून तो हिरवा, ओला, किंचित उग्र वास सुटतो, आणि ज्या वासाने चारचौघांना भूक लागावी त्या वासाने मला अंगणात पळावंसं वाटतं. परवाही तेच झालं. पेपर हातात, चष्मा कपाळावर, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, असा मी उभा. आतून बायको म्हणाली, “बसा खाली. काही हललं नाही.” तिने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या चपलांचा आवाज तिला पाठ झाला आहे.

मी भूगोलाचा मास्तर. नोकरीची सगळी वर्षं पोरांना भूकंप शिकवला, पण कसा, तर परदेशी गेलेल्या मामासारखा. असतो म्हणतात, मोठा आहे म्हणतात, पण आपल्या दारी काही येणार नाही. फळ्यावर दख्खनच्या पठाराचा छेद काढायचो, थरावर थर, सगळा काळा दगड, आणि खडू आपटून सांगायचो की हा दगड हलत नसतो. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं माझ्या वर्गातून गेलेली. त्यामुळे हे वाक्य हळूहळू गल्लीच्या मालकीचं झालं होतं. विहिरीला पाणी लागलं नाही तरी लोक म्हणायचे, सरचा दगड लागला. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे सांगायला आता लाज वाटते, पण वाटायचा.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातल्या एका रात्री पलंग हलला, तेव्हा मला वाटलं बायको हलवते आहे. माझं घोरणं वाढलं की ती पलंगाला पाय लावून एक धक्का देते, ही आमच्या घरची जुनी वहिवाट. मी झोपेतच म्हणालो, “झालो ना कुशीवर, आता काहून हलवून राह्यली?” उत्तर दिलं ते मांडणीवरच्या भांड्यांनी. आधी वाट्या, मग पेले, मग पितळी डबे, असा तो खुळखुळाट वरून खाली उतरत आला, आणि त्याच्याही खालून एक आवाज, जणू जमिनीच्या पोटातून एखादं मळणीयंत्र चालत आलं, आमच्या पलंगाखाली क्षणभर थांबलं, थरथरलं आणि पुढच्या गावाला निघून गेलं. बायकोने माझं मनगट धरून मला अक्षरशः फरफटत बाहेर काढलं. या पळापळीत माझ्या हातून एकच स्वतंत्र कृती घडली. सवयीने मागे वळून मी दाराला खटक्याचं कुलूप लावलं. किल्ली आत, खुंटीवर.

गल्लीत सगळे गोळा झालेले. शेजारच्या भिंतीपलीकडचे चाचा, ज्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, डोक्यावरून रजई घेऊन उभे होते. मला पाहताच म्हणाले, “सर, तुमी तं म्हनत होते आपल्या खालचा दगड हलत नाई.”

“हा अपवाद आहे, चाचा,” मी म्हणालो.

“कितीक वेळ चालते हा अपवाद?”

तेवढ्यात पुन्हा हललं. चाची मोठ्याने अल्लाचं नाव घेऊ लागल्या, कुत्री एका सुरात रडली, आणि चाचांनी रजईतून नुसता एक डोळा माझ्याकडे वळवला. थंडी चांगलीच होती. बायको शाल आणायला दाराकडे गेली, कुलूप पाहून परत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “भूकंप काय घर चोरून नेनार होता?” त्या रात्री गल्ली हसली ती एवढ्यावरच.

पुढचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. मोठा धक्का एकदाचा येऊन जातो. त्याच्या मागून येणारे लहान धक्के माणसाला पोखरतात. ते कधी दुपारी भाकरी तव्यावर असताना येत, कधी नळाला पाणी आलेलं असताना, आणि कधी नुसते येतील येतील असं वाटून येतच नसत. गल्लीतून मालट्रक गेला तरी लोक थांबून पंख्याकडे बघत. पंखा हलत असेल तर भूकंप, नसेल तर ट्रक, असं नवं शास्त्र निघालं, आणि पंखा चालू असेल तर काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. धनजहून, रिठदहून नातेवाइकांचे फोन यायचे ते खुशाली न विचारता, “तुमच्याकडे भांडे पडले काय?” असे. मोबाइलवर रोज कोणीतरी कळवायचं की आज रात्री खरा मोठा येणार आहे. कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता आणि त्या रात्री कोणीच झोपत नव्हतं. मीही खुर्चीत बसलो की पाण्याचा पेला समोर ठेवून त्याच्या काठाकडे बघत बसायचो. पाणी हलायचं. मग कळायचं, माझाच गुडघा टेबलाला लागला आहे.

बायकोचं वेगळंच झालं. आमच्या घरावर सिमेंटचा स्लॅब आहे. मोठ्या हौसेने टाकलेला. त्याच्याखाली ती पाठ टेकेना. रात्रभर दाराच्या चौकटीला टेकून, पायाशी चपला जोडून बसून राहायची आणि पहाटे उठून तशीच कामाला लागायची. डोळे खोल गेले. वरणात दोनदा मीठ पडू लागलं. मी घरातच चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधला, तिच्या देखत, आणि ती काही बोलली नाही. टोमणा मारायची इतकी सोन्यासारखी संधी तिने सोडून दिली, तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो.

गल्ली जिथे संपते तिथे एका जोडप्याचं भाजीपाल्याचं वावर आहे. भाऊ आणि वहिनी म्हणतो आम्ही त्यांना. वांगी, मेथी, पालक, आणि मधोमध सांभाराचे वाफे. डोक्यावर छत नाही, अंगावर पडेल अशी भिंत नाही, अशी आमच्या भागात तेवढी एकच जागा. एका संध्याकाळी वहिनींनी स्वतःहून फाटक उघडलं आणि बायकोला हाक मारली, “ये व बाई, इथं टाक अंथरून. मलेबी घरात झोप कुठं येते?” बघता बघता सारी गल्ली आली. फाटकाजवळच्या मोकळ्या पट्टीत आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही ओळीने झोपायचो. अट एकच होती, वहिनींनी हातात टॉर्च धरून सगळ्यांना बजावलेली: “सांभारात पाय नाही टाकाचा. बाजाराले जाचा हाय तो.” हिवाळाभर जपलेलं त्यांचं ते मुख्य पीक होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे उपटून जुड्या बांधायच्या, असं ठरलेलं. त्यामुळे रात्री लघवीला उठलेला माणूसही तारेवर कसरत करणाऱ्यासारखा धुऱ्यावरून चालायचा.

आणि तिथे, उघड्यावर, दवात, चाचांच्या खोकल्याच्या साथीने, माझी बायको झोपली. पहिल्याच रात्री. घोरलीसुद्धा. मी जागा राहून ते घोरणं ऐकत होतो. आभाळ भरगच्च चांदण्यांचं होतं, वांग्याच्या पानांवरून थंडी उतरत होती, आणि मला वाटलं, जमीन हलो, दगड हलो, हे फाटक तेवढं उघडं राहो.

माणसाने एवढ्यावर समाधान मानावं. पण माझ्यातला भूगोलाचा मास्तर झोपला नव्हता. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात घरोघरी भूकंपाचं यंत्र होतं, स्टीलच्या पेल्यांची उतरंड. उशाशी पेल्यावर पेले उपडे रचून ठेवायचे. जमीन हलली की ते पडतात आणि माणूस उठतो. वावरात कोणी ते आणलं नव्हतं. मी आणलं. बायको म्हणाली, “इथं कायले पाह्यजे ते? आपल्यावर काय आभाय पडनार हाय?” पण शास्त्र म्हणजे शास्त्र. मऊ मातीत उतरंड टिकेना, म्हणून मी एक सपाट, टणक, आदर्श जागा शोधून काढली. पाण्याच्या हौदाचा सिमेंटचा काठ. तिथेच मोटारीचा पाइप हौदात उघडतो, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि त्याचा काही अर्थ असू शकतो, हे सुचलं नाही.

शेताची लाईन, म्हणजे वीज, कधी दिवसा असते, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती. लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते, तशी सोयच केलेली असते. बाजाराच्या आदल्या रात्री, सगळे गाढ झोपेत असताना, लाईन आली. पाइपाने आधी घसा खाकरला, मग अंगात आल्यासारखा झटका दिला, हौदाचा काठ थरथरला, आणि माझी उतरंड काळोखात अशी काही कोसळली की स्वयंपाकघरासकट घर पडलं असं वाटावं. मी अंथरुणात ताठ उभा राहिलो आणि वर्गात पोरांना गप्प करायच्या आवाजात ओरडलो, “भूकंप! पळा!”

आता विचार करा. उघड्या वावरातून पळून माणूस जाणार कुठे? पण पळा म्हटल्यावर कोणी विचार करत नसतं. सगळी गल्ली उठली आणि हौदापासून लांब, म्हणजे सरळ सांभारात घुसली. सर्वांत पुढे मी. मागे रजया, पोरंबाळं, चाचा एका चपलेत. हौद आधीच भरलेला, म्हणून पाणी लगेच वाफ्यांत उतरलेलं, त्यात चिखल. आम्ही त्या टोकापर्यंत गेलो, कोणीतरी “इकडं नाई, इकडं!” म्हणाल्यावर तसेच परत आलो. मग भाऊंनी मोटार बंद केली. एकदम शांतता. आणि त्या शांततेत, जमिनीपासून कमरेपर्यंत उभा राहिलेला, चिरडलेल्या सांभाराचा तो वास.

वहिनींचा टॉर्च वाफ्यांवरून एकदा सावकाश फिरला. भाऊ म्हणाले, “बस झालं आता. उद्यापासून फाटक लावतो मी.” मी बायकोकडे पाहिलं. ती अंथरुणाच्या काठावर बसली होती, पायाशी चपला जोडून.

उजाडल्यावर बाजारात न्यायला जुडीभर धड सांभार निघेना. वहिनी चिखलातून एक एक झाड उचलून बघत होत्या आणि परत ठेवत होत्या. तेव्हा बायको उठली, पदर खोचला, आणि तुडवलेला सांभार गोळा करून हौदात धुवायला बसली. मला म्हणाली, “पाहून काय राह्यले? घरून बेसन आना. अन् खसखस.” चाची कढई घेऊन आल्या. कोणी खोबरं आणलं, कोणी तेल. दुपारपर्यंत वावराच्या कडेला चुलीवर सांभारवड्या तळल्या जात होत्या, साऱ्या गल्लीला पुरतील इतक्या. भाऊंनी आधी नको म्हटलं, मग घेतली, मग आणखी घेतली. चाचा माझ्या पानात वडी टाकत म्हणाले, “खा सर. तुमच्याच पायची हाय.” सगळे हसले. पण वहिनी हसल्या नाहीत, आणि फाटकाचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळ झाली. एरवी यावेळी गल्लीत अंथरुणांची मिरवणूक निघायची. त्या दिवशी सगळ्यांच्या वळकट्या ओट्यावर आणि माणसं दारात. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो, फाटक दिसलं की वळायचो. “तुझ्यासाठी बोलून पाहू का?” असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, “कोनत्या तोंडानं जावं? मी बसतो इथंच.” आणि चौकटीला पाठ लावून बसली. दिवा लागला. स्लॅबच्या सावलीत तिचा चेहरा मला एकदम म्हातारा दिसला.

मग वहिनी आल्या. पाय घोट्यापर्यंत मातीने भरलेले, हातात फावडं तसंच. दारात उभ्या राहून बायकोला म्हणाल्या, “काहून व, आज येत नाही काय?”

बायको चौकटीला धरून उभी राहिली.

“म्या सारे वाफे मोडून सपाट केले. आता तुडवाले काही उरलंच नाही. ऐसपैस झोपा.” मग माझ्याकडे फिरून म्हणाल्या, “पन सर, तुमचे गिलास घरी ठेवजा.”

बायको आधी हसली, आणि हसता हसता तिला जे रडू आलं ते बराच वेळ थांबलं नाही. वहिनींनी फावडं भिंतीला टेकवलं आणि स्वतः तिची वळकटी उचलली.

धक्के हळूहळू कमी झाले. पूर्ण थांबले असं कोणी म्हणत नाही. अजूनही वर्षा-सहा महिन्यांत मांडणी कुठे तरी खुळखुळते आणि आम्ही एकमेकांकडे न बघता पंख्याकडे बघतो. बायको स्लॅबखाली झोपते, पण निजण्याआधी खिडकीतून एकदा वावराकडे पाहून घेते. फाटकाला नुसती कडी असते. त्या वर्षानंतर तिथे मी कधी कुलूप पाहिलेलं नाही.

वावरात दर हिवाळ्यात सांभार उभा राहतो. पूर्वी तो थेट फाटकाजवळच्या पट्टीपर्यंत यायचा. आता त्या पट्टीच्या आतही, सगळ्या गल्लीची अंथरुणं पडतील एवढा मोठा तुकडा मोकळा राहतो. नांगरलेला, ढेकळं फोडलेला, आणि रिकामा. गेल्या वर्षी मी वहिनींना विचारलं, “इथं काहून नाही पेरत?” त्या गवत उपटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “त्या जमिनीत उगवत नाही.”

त्याच मातीत, हातभर अंतरावर, वांगी झाडाला झेपणार नाहीत इतकी लगडली होती. मी आयुष्यभर माती शिकवलेला माणूस. या विषयावर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी “हो” म्हणालो आणि धुऱ्यावरून, पाय जपून, घरी आलो.