उंचावरून दिसलेली चकाकी

हातातली कुठलीही वस्तू खाली ठेवण्याआधी मामा थांबायचा. चहाचा कप असो, किल्ल्या असोत की भाजीची पिशवी. ती वीतभर वर धरून तो दोन पावलांच्या मधून जमिनीकडे बघायचा आणि म्हणायचा, "हात काढा, ठेवतोय." जवळपास कुणी नसलं तरी.

"अरे, घर आहे हे, बंदर नाही," आई म्हणायची. ती त्याची थोरली बहीण.

मामा बंदरात क्रेन चालवायचा. काचेच्या तळाच्या केबिनमध्ये वाकून, गुडघ्यांमधून खाली बघत जहाजावर कंटेनर ठेवायचे आणि उतरवायचे. त्यामुळे त्याची मान कायमची पुढे झुकली होती. घरातल्या प्रत्येक फोटोत तो काहीतरी पडलेलं शोधताना दिसतो.

खाली डेकवर त्याचा दोस्त असायचा, टकल्या. सगळं बंदर त्याला टकल्याच म्हणायचं आणि तोही ओ द्यायचा. कंटेनरच्या कोपऱ्यांत लोखंडी कुलुपं बसवणारी माणसं बाजूला झाली की वर इशारा करायचं काम त्याचं. पण हात हलवला तर दहा हातांत त्याचा हात ओळखू येईना. म्हणून दोघांनी आपसात ठरवलं होतं: सगळे बाजूला झाले की टकल्या हेल्मेट काढणार, त्याचं डोकं चकाकलं की मामा कंटेनर खाली सोडणार. साहेब हेल्मेटवरून ओरडायचे. टकल्या म्हणायचा, "साहेब, केसांना जरा वारा देतोय." एकवीस वर्षांत कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही.

मग जहाजं वाढली. आधी रुंदीत तेरा कंटेनर मावायचे, मग अठरा, मग तेवीस. क्रेनचा हात पलीकडच्या ओळींपर्यंत पोचेना, तेव्हा अर्धं काम झालं की अख्खं जहाज ओढून उलटं फिरवून लावायचे. शेवटी क्रेनचे पाय कापून मध्ये नवे लोखंडी तुकडे जोडले, हात लांबवला. दहाव्या मजल्याइतकी उंच केबिन पंधराव्यावर गेली. सगळ्यांना वॉकीटॉकी मिळाले आणि नियम झाला, यापुढे इशारा फक्त त्यावरून.

पहिल्याच दिवशी वॉकीटॉकीवर टकल्याचा आवाज आला. "काय रे, दिसतंय का वरून माझं टक्कल?"

मामानं खाली पाहिलं. माणसं म्हणजे सांडलेली मोहरी.

"दिसतंय म्हणजे? डोळे दिपले माझे!"

धक्काभर हशा पिकला. एवढंच खोटं, मित्राला बरं वाटावं म्हणून.

चौथ्या दिवशी तोवरचं सगळ्यात मोठं जहाज लागलं. दुपारी ढग बाजूला झाले आणि डेकवर, टकल्याच्या नेहमीच्या जागी काहीतरी चकाकलं. वॉकीटॉकी गप्प होता. मामानं कंटेनर खाली सोडला.

ते डेकवर साचलेलं पाणी होतं. टकल्या एक अडकलेलं कुलूप सोडवायला वाकला होता. हेल्मेट त्याच्या डोक्यावरच होतं.

टकल्याच्या मृत्यूच्या चौकशीत मामा म्हणाला, "इशारा मिळाला होता." वॉकीटॉकीवरच मिळाला असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. दोष कुणालाच लागला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात धुतलेली चकचकीत वाटी पालथी राहिली नाही. मामा येता-जाता एकेक वाटी उताणी करायचा. पुढे खोलीत बसून, पडद्यावर बघून क्रेन चालवायची सोय झाली. बारा कॅमेरे, कुलपाचा गंजसुद्धा दिसायचा. तरी मामा मध्येच गुडघ्यांमधून फरशीकडे बघायचा आणि शेजारचे चालक हसायचे.

निवृत्त झाल्यावर तो टकल्याच्या बायकोला खरं सांगायला गेला. पाय मागे फिरू नयेत म्हणून मला सोबत नेलं.

"वहिनी, मला त्याचं डोकं दिसत नव्हतं. पहिल्या दिवसापासून. मी उगाच दिसतंय म्हणालो."

वहिनींनी हातातल्या रुमालाची घडी घातली.

"त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन हसत होते. म्हणाले, लबाड आहे लेकाचा, एवढ्या वरून त्याला काय दिसणार? मी म्हटलं, मग सांगा की त्याला. तर म्हणे, नको, त्याला वाईट वाटेल, मी आपलं हेल्मेट काढत राहीन."

परतताना जिन्यात मामा थांबला. "म्हणजे त्यानंतरही तो माझ्यासाठी नुसतंच हेल्मेट काढत होता," म्हणाला. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर त्याला झोप लागेल. पण त्यानंतर तो जेवायला बसला की आधी ताटाखाली बघायचा.

पुढच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या संध्याकाळी आईनं त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्यानं रिकामा पेला स्टुलाच्या वर धरला. स्टूल मोकळं होतं, आई चांगली हातभर लांब बसली होती. तरी तो थांबला. कितीतरी वेळ खाली बघत राहिला.

"ताई, हात काढ. ठेवतोय."