डोळ्याखालचा भोवरा

घोड्याचं लक्षण आणि धन्याचं प्राक्तन एकाच लेखणीने लिहिलेलं असतं. हे गंभीर वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका बाजारात, घोड्यांच्या दलालाच्या तोंडून, आणि तो ते म्हणत होता तेव्हा त्याचा डावा हात घोडीच्या सुजलेल्या गुडघ्यावर होता. केशव माझ्या शेजारी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, ‘लेखणी राहू द्या, हात काढा.’

तो केशव गेला. मला ते कळलं कामशेतहून आमच्याकडे तांदूळ घेऊन येणाऱ्या माणसाकडून. पोतं उतरवलं की ओसरीवर टेकून पाणी मागायची त्याची पद्धत. या खेपेला तो टेकला नाही. ‘लोनावळ्याचं भाऊ गेलं,’ म्हणाला. ‘सकाळी घोडीला चारा टाकला, अन् तितंच खाली बसलं. पुन्यांदा उटलं न्हाई.’ मी त्याला विचारलं, घोडी कशी आहे? हा प्रश्न पहिला विचारायचा नव्हता हे मला तोंडातून निघाल्यावर समजलं. केशवला मात्र त्यात काही वावगं वाटलं नसतं.

आम्ही पुण्याला कॉलेजात एका खोलीत राहत होतो. पुढे मी मास्तर होऊन पुण्यातच राहिलो आणि तो वकील होऊन वडगावच्या कोर्टात जाऊ लागला. तुंगार्लीच्या वाटेवर त्याने लहानसं घर बांधलं. घराला खोल्या तीन आणि तबेला एक, आणि तबेल्याचं छप्पर आधी पुरं झालं. गाव त्याला भाऊ म्हणे. वकिली तो बरी करी, पण त्याचा जीव होता तो थंडीत लोणावळ्याच्या मैदानावर होणाऱ्या घोड्यांच्या खेळांवर, आणि त्यातही मेख उचलण्यावर. जमिनीत लाकडी मेख ठोकलेली असते. भरधाव घोड्यावरून वाकून ती भाल्याच्या टोकावर उचलायची. सांगायला एवढंच आहे. करायला लागलं की बहुतेकांच्या भाल्यावर माती येते.

त्या खेळांना साहेबलोक येत, पारशी बंगल्यांतली मंडळी येत, आणि एकदोन सरदार हटकून येत. एका सरदारांचा घोडा इतक्या गोंड्यांनी आणि झुलींनी मढवलेला असे की आत घोडाच आहे हे चालल्यावरच कळावं. लोक टाळ्या पिटत. केशव म्हणे, ‘झूल चांगली आहे. खांदा सरळ आहे म्हणून घातलीय.’ आणि खरोखरच झूल उतरली की खांदा भिंतीसारखा उभा असे, आणि घोडा पुढचे पाय खुंट्या ठोकाव्यात तसे आपटत धावे.

त्याला घोडी हवी होती. घोडा का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘घोड्याला वाटतं आपण जिंकलो. घोडीला वाटतं काम झालं.’ अशी घोडी तो कित्येक वर्षं शोधत होता. मी सुट्टीत आलो की आम्ही दोघं मावळातली गावं पालथी घालत असू. त्याची पाहण्याची एक रीत होती. आधी लांब उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही. मग नजर खालून वर न्यायची, खुरापासून. ‘लोक तोंडापासून सुरू करतात,’ तो म्हणे, ‘आणि डोळे सुंदर दिसले की तिथंच थांबतात. डोळ्यांवर उभं राहून कोण पळतं?’ खूर, मग नळीचं हाड, मग खांद्याचा उतार, छातीची खोली, पाठीची लांबी. सगळ्यात शेवटी तो मागे जाऊन उभा राही आणि घोडी चालवत लांब न्यायला सांगे. मागचे पाय पुढच्या पायांच्या रेषेत पडतात का, हे जातानाच दिसतं. मेख उचलायला वाकलं की स्वार एका अंगाला लोंबतो. त्या वेळी घोडी बोटभर वाकडी झाली तरी सगळं संपलं. एकीची पाठ लांब निघे, एकीचे मागचे सांधे आत वळलेले, एक सर्वांगाने देखणी पण खूर बशीसारखे पसरट. न मिळालेल्या घोड्यांची त्याला अशी हुरहूर लागे, जशी इतरांना गेलेल्या दिवसांची लागते...

सुमतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, हे सगळं पाहत असत. त्यांची जीभ धारदार. एकदा आम्ही घामाघूम होऊन परतलो तेव्हा ताटं वाढता वाढता मला म्हणाल्या, ‘भावोजी, मला पाहायला आले होते तेव्हा यांनी पोह्यांच्या बशीतून मान वर केली नव्हती. घोडीला मात्र दुपारभर बघतात.’ केशव म्हणाला, ‘बशी खाली ठेवायला वाकलो तेव्हा पाऊल बघितलं होतं.’ वहिनी हसल्या. पण त्या घरात हसणं तेव्हा फार नव्हतं. दोन मुलं झाली होती आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली होती.

आणि मग कान्हे गावात आम्हाला ती घोडी दिसली. दादूभाई नावाचे गृहस्थ तिथे टांगा चालवायचे. घोडी त्यांच्या दाराशी बांधलेली होती. कुमैत रंगाची, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. भीमथडीच्या रक्ताची, चार वर्षांची. केशव नेहमीसारखा लांब उभा राहिला. मग खुरापासून वर गेला. मग मागे गेला. दादूभाईंनी घोडी चालवली, दुडक्या चालीने पळवली, पुन्हा चालवली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. दोष सापडला की त्याच्या ओठाचा कोपरा किंचित खाली यायचा. तो आला नाही. ऊन उतरलं तरी तो तिच्याभोवती फिरतच होता. शेवटी दादूभाईच म्हणाले, ‘भाऊ, घोडी झ्याक हाय, पन तुमी डोळ्याखाली बगितलंच न्हाई. आदीच सांगतो, मागनं बोल नको.’

डाव्या डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा होता. अशा घोडीला आसूढाळ म्हणतात. आसवं ढाळायला लावणारी. ती ज्याच्या दारी बांधली जाते त्या घरची बाई रडते, अशी समजूत आहे. त्या समजुतीपायी घोडीला कोणी हात लावत नव्हतं आणि दादूभाई तिला टांग्याला जुंपत होते. दादूभाईंच्या घरी बाईमाणूस नव्हतं, आणि टांग्यातल्या बायका उतारू म्हणून बसत, घरच्या नव्हे, त्यामुळे चालून जात असावं.

मी केशवला म्हटलं, तू तर असलं काही मानत नाहीस. तो म्हणाला, ‘मी मानत नाही. पण उद्या घरात काही झालं, तर सुमती रोज दारातून या घोडीकडे बघेल. मी कुठं बघू?’ त्याने घोडीच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि आम्ही स्टेशनवर आलो. इतक्या वर्षांत ज्या एका घोडीत त्याला दोष सापडला नव्हता, ती सोडून तो निघाला होता. गाडी सुटल्यावर त्याने खिडकीतून मागे पाहिलं नाही. ज्याला जाणारं जनावर पाहायची सवय, त्याने मागे न पाहणं... ते मला आजही आठवतं.

घरी त्याने काही सांगितलं नाही. मी सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडं बदललं, चपला घातल्या आणि म्हणाल्या, कान्ह्याला जायचं आहे. आम्ही तिघंही निघालो.

दादूभाईंच्या दारात त्या घोडीच्या समोर उभ्या राहिल्या. खुरापासून वगैरे नाही, सरळ तोंडापासून. भोवऱ्यावर बोट ठेवलं, केस उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. दादूभाई अवघडून गेले. ‘मावशी, ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले, ‘बाईमानसानं त्याला हात लावू नी.’ वहिनी केशवकडे वळल्या. ‘हे माझ्यासाठी आहे ना? मग ठरवायचं मी. मला जे रडायचं होतं ते घोडी नसतानाच रडून झालं. आणा हिला.’

दादूभाईंनी दोर दिला, तो केशवने हाताला दोनदा गुंडाळून घेतला.

वहिनींनी घोडीचं नाव ठेवलं हसरी. गावात तिला रडकी म्हणत. पहिल्या हिवाळ्यात केशव मैदानात उतरला तेव्हा हसरी सुतासारखी सरळ धावली, त्याच्या भाल्याने मात्र मेखेशेजारची जमीन उचलली. तीनही फेऱ्यांत. घोडीत दोष नव्हता, त्यामुळे सगळा दोष त्याच्या वाट्याला आला, आणि त्याने तो मोठ्या अभिमानाने मिरवला. पुढच्या हिवाळ्यात पहिल्याच फेरीत मेख वर आली. सरदारांच्या माणसांत कुजबूज झाली, की आसूढाळ आहे, धन्याच्या घरी काय व्हायचं ते होईलच. वहिनी कनातीजवळ बायकांत बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि शेजारणीला मोठ्याने विचारलं, सरदारांच्या घोड्याच्या डोळ्याखाली काही नाही ना, मग त्याला मेख का दिसली नाही?

त्यानंतर त्या घरात खूप काही वाईट झालं असं नाही, आणि खूप चांगलं झालं असंही नाही. मूल पुन्हा झालं नाही. केशव वडगावला जाई, येई, संध्याकाळी हसरीला तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत नेई. पुढे त्याचे गुडघे धरले, मग तो खोगीर न घालता तिच्याबरोबर चालतच जाऊ लागला. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा वहिनी तिला धरून पुढे निघाल्या आणि तो मला दंडाला धरून थांबवत म्हणाला, ‘बघ. अजून रेषेत पडतात.’ दोघी उतारावरून खाली जात होत्या. तो कोणाच्या पावलांबद्दल बोलत होता हे मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं. असे पुष्कळ प्रश्न आहेत, आणि सुट्टी लागली की आजही पिशवी भरावी आणि लोणावळ्याला उतरावं असं वाटतं; मग आठवतं की स्टेशनावर आता कोणी, माझी चाल बिघडलीय का हे पाहायला, मुद्दाम मागे राहणार नाही.

केशवच्या दिवसांना गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो तो तबेल्याकडे मान वळवून सुस्कारा टाकत होता. शेवटी लक्षण खरं ठरलं म्हणे, उशिरा का होईना. एका वृद्ध नातलगांनी तर शास्त्राचा आधारही सांगितला. कुठल्या शास्त्राचा, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. घोडी आजच्या आज बाहेर काढा, असं सगळ्यांचं ठरलं. वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. डोळे कोरडे होते. मग त्या उठल्या, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, ‘भावोजी, चला, हिला चारा टाकायचाय.’

तबेल्यात हसरी उभी होती. वहिनींनी चारा टाकला, तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तिथे, कोणी नसताना, म्हणजे मी होतो पण मी मोजण्यात नव्हतो, त्या पुष्कळ वेळ रडल्या. मला कुठे पाहावं समजेना. म्हणून मी घोडीकडे पाहिलं, आणि मीही शेवटी डोळ्यापासूनच सुरुवात केली. डाव्या डोळ्याखाली भोवरा नव्हता. गुळगुळीत कातडी होती. वहिनींनी डोळे पुसले आणि सांगितलं की तिला दाराच्या खांबाला तोंड घासायची खोड आहे. त्या जागचे केस जाऊन सात-आठ वर्षं झाली.