तो एकदा परत येतो

खेळाच्या तिसऱ्या भागात कंपनीने त्याला दाखवून टाकलं, आणि तिथूनच आमचं तिच्याशी बिनसलं.

आमचं म्हणजे माझं आणि दादाचं. दादा माझा थोरला भाऊ, मी धाकटी बहीण. आम्ही राळेगावजवळच्या एका खेड्यात वाढलो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गावातला पहिला कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो शाळेच्या कामासाठी, असं ते सगळ्यांना सांगायचे. शाळेचं काम त्यावर फारसं झालं नाही. दादाने यवतमाळहून एक सीडी आणली, तिच्यावर मार्करने इंग्रजीत लिहिलेलं नाव अर्धं पुसून गेलेलं होतं. ती कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीने काढली, हेही आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

खेळ असा होता. डोंगरावर क्षयरोग्यांचा एक जुना, बंद पडलेला दवाखाना. त्याची लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस आत अडकतो, आणि तो माणूस म्हणजे आपण. हातात बंदूक नाही, काठीसुद्धा नाही. त्या इमारतीत आणखी कोणीतरी फिरत असतं. ते कधीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ओलं पोतं फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज. आवाज जवळ आला की दार हळूच लावायचं, पलंगाखाली शिरायचं आणि कीबोर्डवरचं लांबट बटण दाबून धरायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तो माणूस श्वास रोखून धरतो. फार वेळ धरलं तर त्याला धाप लागते, आणि धाप लागली की संपलं.

पहिले कित्येक दिवस आम्ही पुन्हा पुन्हा त्याच खोलीत मरत होतो. आवाज लांब गेला म्हणून बटण सोडायचं, आणि तो दारातच असायचा. मग एका दुपारी दादाच्या लक्षात आलं.

"तो एकदा परत येते," तो म्हणाला. "गेला असं वाटते, पण जात नाई. मुद्दाम परत येते. दुसऱ्यांदा गेला की मंग सोडाचं."

आम्ही दुपारीच खेळायचो. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज कधी येईल त्याच्यावर सगळं अवलंबून. खिडकीवर चादर टाकायची, पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या आवाजात पावलं ऐकू यायची नाहीत. उन्हाळ्यात घामाने चिंब होऊन आम्ही दोघं एका खुर्चीवर बसायचो. माउस दादाकडे आणि श्वासाचं बटण माझ्याकडे. का कुणास ठाऊक, ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

त्या वर्षांत आमच्या भागात भीती काही नवी नव्हती. कपाशीची वाईट वर्षं चालू होती. संध्याकाळी कोणाच्या घरचा माणूस वावरातून वेळेवर आला नाही, की त्या घरची बाई आधी गोठ्यात जाऊन फवाऱ्याच्या औषधाचा डबा जागेवर आहे का ते बघायची. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. बाबांना पगार होता, आमचं वावर दुसरेच लोक वाहत होते, तरीसुद्धा बाबांना शाळेतून यायला उशीर झाला की आई कोपऱ्यातल्या औषधाच्या फळीकडे एक नजर टाकायची. मी ते पाहिलं होतं. दादानेही पाहिलं असणार, पण आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आम्ही दवाखान्याबद्दल बोलायचो. तिथली भीती कुठून येते आणि किती वेळ थांबायचं ते आम्हाला ठाऊक होतं.

दुसरा भाग आला तेव्हा दादा पुण्याला शिकायला होता. सुट्टीत घरी घेऊन आला. त्यात टॉर्च मिळाली होती. दादा कुरकुरला, पण आम्ही खेळलो, आणि घाबरलोही. तिसरा भाग मात्र सुरू केल्याबरोबर तो समोर आला. भर उजेडात. पाण्यातून निघालेल्या अस्वलासारखा दिसत होता. आपल्या माणसाच्या हातात बंदूक, दंड फुगलेले, मागे ढोल वाजून राहिलेले. दादाने तीन गोळ्यांत त्याला पाडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हेच होय का ते?" तो म्हणाला. "ह्याले भेत होतो आपण?"

तो खरंच दुखावला होता. आपल्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची कोणी नक्कल करावी, तसं आम्हाला वाटलं. दादाने कंपनीच्या साइटवर, जिथे खेळणारे लोक लिहितात तिथे, मोठी तक्रार लिहिली. इंग्रजी त्याचं, दुरुस्त्या माझ्या. तुम्ही आवाज काढून घेतला, त्याच्या जागी चेहरा दिला, असं काहीतरी होतं. खाली कुठल्या तरी परदेशी पोराने लिहिलं की मग जुनाच खेळत बसा. कंपनीकडून काही आलं नाही. पुढे त्यांच्या एका मोठ्या माणसाची मुलाखत आली. खेळणाऱ्याला लाचार वाटलेलं आवडत नाही, त्याला ताकद द्यायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. आम्ही दोघं त्यावर फार हसलो. फोनवर कितीतरी दिवस दादाचं पहिलं वाक्य तेच असायचं, "काय म्हणते, ताकद आली का?"

पुण्यात त्याचं काही जमलं नाही. तो परत आला, राळेगावला मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं आणि बाबांनी निवृत्त झाल्यावर वावर घरी वाहायला घेतलं तेही बघायला लागला. मी यवतमाळला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते आणि खोली घेऊन राहत होते. चौथा भाग येणार होता तेव्हा आमचं रोज बोलणं व्हायचं. खेळणार नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. दादाने तरी तो दुकानातल्या इंटरनेटवर उतरवून घेतला.

"ह्या पार्टात त्याले नाव देल्लं म्हणे," तो म्हणाला. "बालपण पण दाखवलं. त्याची माय मेली म्हून तो तसा झाला."

"मंग कायले उतरवला?"

"पाहू तर कितीक वाटोळं केलं. शनवारी येतो लॅपटॉप घेऊन."

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. एवढी उंच कधी पाहिली नाही, असं बाबाही म्हणत होते. त्यात अळी. सगळं शिवार फवाऱ्यावर होतं. माणूस ओळीत शिरला की दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज फिरताना ऐकू यायचा. उंच झाडांवर मारलेलं औषध उडून तोंडावर यायचं. आसपासच्या गावांतून माणसं दवाखान्यात जायला लागली होती. डोळ्यांना दिसत नाही म्हणायची. मी दादाला फोनवर सांगितलं की तू स्वतः जाऊ नको. तो म्हणाला, फवारायला माणूस भेटून नाही राहिला, तोंडाला दुपट्टा बांधतो.

शनिवारी तो आला नाही. त्याच सकाळी बाबांचा फोन आला.

"दादाले घेऊन यून राह्यलो यवतमाळले. तू दवाखान्यात ये."

"काय झालं?"

"त्याले दिसून नाई राह्यलं," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा त्याला वॉर्डात घेतलं होतं. अंगभर घाम, तोंडातून लाळ, उलट्या. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण माझ्याशी नीट बोलले. फवाऱ्याचं विष कातडीतून आणि श्वासातून गेलंय, औषध सुरू केलंय, त्या औषधाने तो भ्रमिष्टासारखा बोलेल, हातवारे करेल, त्याला घाबरू नका, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, श्वासाकडे मात्र लक्ष ठेवा. सिस्टर येऊन जाऊन असतील, पण तुम्ही बाजूला बसा. काही वेगळं वाटलं की लगेच आवाज द्या.

त्या वॉर्डात दादासारखी आणखी माणसं होती. काहींचे हात, दादाचेही, पलंगाला पट्टीने बांधलेले होते. शेजारच्या पलंगावरचा एकजण हवेतून कापूस वेचत होता, बोटांनी एक एक बोंड मोकळं करून ओटीत टाकत होता. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली, तिला आत येववेना. बाबा औषधं आणायला गेले. मी स्टुलावर बसले आणि दादाच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. डोळे हलवायचीही भीती वाटत होती.

दुपारी त्याचं बोलणं सुरू झालं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, नजर माझ्यावर, पण मी दिसत नव्हते. आधी पंपाचं काहीतरी बोलला. मग एकदम गप्प झाला आणि मान दाराकडे वळवली. बाहेरच्या व्हरांड्यातून कोणीतरी स्ट्रेचर नेत होतं. त्याचं एक चाक फिरत नव्हतं, ते घासत होतं.

"दार लाव," दादा हळूच म्हणाला.

मला वाटलं त्याच्या डोळ्यांना उजेड लागतोय. "लावते," मी म्हणाले.

"हळू लाव. आवाज नको करू."

तेव्हा मला कळलं तो कुठे आहे. आणि ते कळेपर्यंत त्याने श्वास रोखला होता.

मी छातीकडे बघत होते. ती वर जाऊन तिथेच थांबली. ओठ घट्ट मिटलेले. मी सिस्टरला हाक मारली, ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथून निघाली. मी त्याचे खांदे हलवले. "दादा, श्वास घे. कोणी नाई इथं. श्वास घे." त्याने डोकं नाहीच्या खुणेने हलवलं. बांधलेल्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर दाबून धरली होती. चेहरा काळा पडायला लागला होता.

मी त्याच्या कानाशी गेले. "गेला," म्हटलं. "दादा, तो गेला."

तरी त्याने सोडला नाही. मग मला आठवलं, आणि मी जे बोलले ते आजही मोठ्याने सांगायला मला नको वाटतं.

"परत आला," मी म्हणाले. "दाराशी हाये. थांब. थांब जरा." मी दाराकडे बघितलं. "वळला. चालला. आता गेला, दादा. दुसऱ्यांदा गेला. सोड."

त्याने सोडला. मोठ्या आवाजाने श्वास आत घेतला, पुन्हा घेतला. सिस्टर आली, तिने तोंडावर मास्क लावला, डॉक्टरांना बोलावलं, सलाईनमधून आणखी काही दिलं. डॉक्टरांना मी खेळाचं सांगितलं नाही. काय सांगणार होते? रोखलेला श्वास कधीतरी आपोआप सुटतोच, असं ते म्हणाले. खरं असेल. त्याला औषधाने वाचवलं, माझ्या बोलण्याने नाही, हे मला कळतं. पण त्या दिवसात तो आणखी काही वेळा तिथे गेला, आणि दर वेळी मी त्याच्या कानाशी बसून कोण आलं, कोण गेलं ते सांगत राहिले. दर वेळी मला वाटायचं की दाराबाहेर खरंच कोणीतरी आहे आणि माझं गणित चुकलं तर ते आत येणार आहे.

दोन दिवसांनी तो आमच्यात आला. शेजारच्या पलंगावर कापूस वेचणारा माणूस मात्र नव्हता, पलंग धुऊन काढलेला होता. दादाला आधी उजेड दिसला, मग माणसांच्या आकृत्या, मग माझा चेहरा. वॉर्डातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं नाही.

वावर आम्ही दुसऱ्याला मक्त्याने वाहायला दिलं. दादा दुकानात बसायला लागला, पण मोबाइलच्या आतलं बारीक काम त्याला लवकर थकवायचं.

मी त्या हिवाळ्यात एकदा माझ्या खोलीवर पहिला भाग लावून बघितला. सकाळची वेळ होती, खिडकी उघडी, खाली भाजीवाल्याचं ओरडणं चालू. ओल्या पोत्याचा आवाज लांबून आला. बोट बटणावर गेलं आणि दाबलंच गेलं नाही. मी कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर मी तो लावलेला नाही. म्हणजे जुना मला खेळता येत नाही आणि नवे मला आवडत नाहीत. कंपनीने आता पहिला भाग नव्याने काढणार असल्याचं जाहीर केलंय. त्यात तो किती जवळ आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहील म्हणे. लोक खूश आहेत. मी पुन्हा तक्रार लिहायला बसले होते. लाचारी काढून टाकली तर त्या खेळात उरतं काय, इथपर्यंत लिहिलं. मग तो मुलाखतीतला माणूस आठवला, ज्याला आम्ही एवढं हसलो होतो. पुढे लिहवेना. तो चूक आहे असं मला अजूनही वाटतं, पण पहिल्यासारखं हसू येत नाही.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा आतल्या खोलीतून गोळ्यांचे आवाज येत होते. दादा चौथा भाग खेळत होता. पडद्यावर लख्ख ऊन, बाण दाखवताहेत इकडे जा, तिकडे जा, आणि त्याचा माणूस दोन्ही हातांनी गोळ्या झाडत पळतोय.

"आवडला का?" मी विचारलं.

"आवडला नाई. लयच फालतू बनवला." त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "पण पहिला पार्ट नाई होत आता माह्याच्यानं. काहून ते समजत नाई. लावला की छातीत कसंतरी होते."

मी दाराच्या चौकटीला टेकून पडद्याकडे बघत राहिले.

"उभी काहून? बस," तो म्हणाला. "डावीकडून कोणी यून राह्यलं का ते पाह्य. तो डोळा अजून धुरकटच हाये."

मी खुर्ची ओढली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसले.