हळदीचा आळ

शेवटच्या भेटीत वहिनीने माझ्याकडे फणी मागितली. नगरच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर ती पडून होती. उठून बसायचीही ताकद नव्हती, आणि नर्सबाई औषध देऊन गेल्यावर मला हळूच म्हणाली, "वन्सं, केसांचा पार गुंता झालाय. जरा इंचरून देता का?" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांच्या टोकाकडून वरच्या बाजूला गुंता सोडवत गेले, तिनेच मला शिकवलं होतं तसा. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ते काही पटलं नाही. एवढ्या दुखण्यात केस कसले विंचरताय, म्हणाली. वहिनीने डोळे मिटूनच उत्तर दिलं, "दुखनं केसांना न्हाई झालेलं, आज्जी." संध्याकाळी मी लेकराला बघायला राहुरीला परतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा भाऊ माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याने चपला काढल्या नाहीत, तेव्हाच मी काय ते समजले.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. या पुरवणीत बायकांसाठी जे पान असतं, त्यावर उटणी, लेप, केस वाढवायचे उपाय असं बरंच छापून येतं. मलाही तेच लिहायला सांगितलं होतं, घरच्या घरी सौंदर्य कसं राखावं वगैरे. मला त्यातलं जे काही येतं ते वहिनीकडून आलं, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते आहे. हे वाचून कुणाच्या चेहऱ्यावर तेज येईल असं मात्र वाटत नाही.

वहिनी शेवगावात आमच्या घरी आली ती जवळच्याच एका खेड्यातून. शिक्षण चौथीपर्यंत, पण स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणारी इतकी शहाणी बाई मी दुसरी पाहिली नाही. तोंडाला साबण कधी लावायची नाही; साबण कापडासाठी, असं तिचं मत. मसुरीच्या डाळीचं पीठ आणि दुधावरची बोटभर साय एवढ्यावर तिचं भागायचं, उन्हाळ्यात काकडीची साल तोंडावरून फिरवायची, संपलं. आठवड्यातून एकदा शिकेकाई, रिठे आणि वाळलेली संत्र्याची साल एकत्र उकळून न्हायची आणि परसात उन्हाकडे पाठ करून केस वाळवत बसायची. पण हे सगळं वरवरचं, असं तीच सांगायची. खरं काम पोटात आणि झोपेत होतं म्हणे. म्हणून सकाळी उठल्याउठल्या तांब्याभर पाणी, भाकरीबरोबर रोज काहीतरी हिरवं, मग ती बांधावरची तांदुळजाची भाजी का असेना, आणि रात्री भांडी झाली की लगेच अंग टाकायचं. घरात कितीही गप्पा रंगोत, ती उठून जायची.

तिचा एक छोटा आरसा खुंटीला टांगलेला असे. रोज सकाळी ती त्यात जीभ काढून बघे, ओठ उलटून हिरड्या बघे. दादा तिची चेष्टा करायचा, "बास कर की, आरसा लाजला." तर ती म्हणायची, "रूप न्हाई बघत मी. आत काय बिघडलंय का, ते बघती. तुमी बाजारात बैल घेताना त्याचं तोंड उघडून बघताच ना? मग मी काय बैलापेक्षा सस्ती हाय व्हय?" दादा हसून बाहेर जायचा. माझी आईसुद्धा पदराआड हसायची. लग्नाकार्यात आई वहिनीला मुद्दाम पुढे बसवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमची इंदू बगा, ना पावडर ना काय, पन कातडी कशी सायीवानी हाय." तेव्हा वहिनीचं हे सगळं घराची शोभा होतं.

मला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा मी सतरा-अठराची, सावळी, गालांवर पुटकुळ्या. मैत्रिणीची स्नो क्रीमची बाटली आणून मी तोंडावर जाड थर दिला होता. वहिनीने मला दंडाला धरून न्हाणीघरात नेलं. "वन्सं, चुना फासलेली भित दिसतीया," म्हणाली आणि सगळं धुऊन टाकलं. मी रडायला लागले, तर माझ्या शेजारी बसली. "रंग देवानं दिलाय तो ऱ्हाऊ द्या. त्याला बदलाया जाऊ नका. कातडी निरोगी असली म्हंजी काळं बी चमकतं." त्याआधी महिनाभर तिने माझं तिखट-तेलकट बंद केलं होतं, पुटकुळ्यांना हात लावला की हातावर चापट मारायची. त्या पाहुण्यांनी होकार दिला आणि मी लग्न होऊन राहुरीला गेले. आजही कुणी माझ्या त्वचेचं कौतुक केलं की मला ती हातावरची चापट आठवते...

मग दादा गेला. विहिरीवर विजेची मोटार बसवली होती, तिचा शॉक लागून जागच्या जागी गेला. वहिनीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, चांगली लुगडी माळ्यावर गेली. ते सगळं तिने निमूट सोसलं. पण दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी तिने पूर्वीसारखी शिकेकाई उकळायला ठेवली आणि आमच्या घरात आकाश कोसळलं. तेच केस होते, तीच शिकेकाई होती, करणारी बाईही तीच होती. शेजारणी भिंतीवरून विचारायला लागल्या, आता हे कुणासाठी? आईने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि तेच विचारलं. मी तेव्हा माहेरीच होते, माझ्यासमोर झालेलं आहे हे.

"कुणासाठी करतीस गं हे?"

"माझ्यासाठी, आत्याबाई. त्ये गेलं... पन मी हाय ना अजून?"

"मी न्हाई का काढलं आयुष्य? मला न्हाई दिसली कदी शिकेकाई."

हे मात्र खरं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होते आणि धाकटा भाऊ आईच्या पोटात. आईने तेव्हापासून पदर डोळ्यांवर ओढला तो कधी मागे सारला नाही. जे आपल्याला मिळालं नाही ते सुनेला का मिळावं, हा हिशोब तिच्या डोक्यात पक्का होता, आणि आपण तिच्या भल्यासाठीच करतो आहोत, लोकांच्या तोंडी लागू नये म्हणून करतो आहोत, अशी वर समजूतही होती. खुंटीवरचा आरसा त्याच दिवशी गेला. आईने तो कुठे ठेवला हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. कामाला निघताना विधवेचं तोंड दिसू नये. आई अशा वेळी सवयीने आपणहून बाजूला व्हायची. धाकटा भाऊ बाजार समितीत माल घेऊन जायचा, तेव्हा आधी आवाज द्यायचा, "वैनी, आत व्हा." वहिनी आत व्हायची. शनिवारी तो शिंगणापूरला देवाला तेल वाहायला जायचा, त्या दिवशी तर ती तो दिसेनासा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या बाहेर यायची नाही. देवाच्या शिळेवर घरातलं तेल पळीने ओतलं जात होतं आणि तिच्या केसांना बोटभर लावलं तर आई डबा उचलून वर ठेवत होती. हळूहळू वहिनीला सवयच लागली. कुणाची चाहूल लागली की ती भिंतीकडे तोंड करायची. घरातल्या माणसांनाही तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघायची सवय लागली. आमचं घर काही राक्षसांचं नव्हतं. जेवायला घालत होते, अंगावर हात टाकत नव्हते. फक्त तिच्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला, टँकरचं गढूळ पाणी यायचं, तेही भांडाभांडी करून. न्हाण्याचा प्रश्नच मिटला, आणि आईला आयतं कारण मिळालं. वहिनी तरी सांगत राहिली, पाणी उकळून प्या, फडक्याने गाळून घ्या. तिचं कोण ऐकतं? कावीळ गावाला नवी नव्हती, आमच्या गल्लीतच दोघांना होऊन गेली होती. मग वहिनीला थकवा यायला लागला. जेवण जाईना, उलटी होईलसं वाटे. ती आईला म्हणाली, "आत्याबाई, माझ्या आत काय तरी बिघडलंय. एकदा डाक्टरला दाखवा." आपलं शरीर ओळखणारी बाई सांगत होती, आणि घराने ठरवलं की कामं टाळायची ही नाटकं आहेत.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी माहेरी गेले ती सहज, लेकराला आजी दाखवायला. दारातच, हातपाय धुवायच्या आधी, आईने मला बाजूला घेतलं. "कुसुम, तुझी वैनी अंगाला हळद लावती."

मला आधी कळेचना.

"चोरून लावती. हात बघ, मान बघ, कशी पिवळी झालीया. मी हळदीचा डबा कुलपात ठिवला तरी लावती. कुटनं आनती, कुनासाठी लावती, देवाला ठावं."

आईने तिची पेटी उपसली होती. अंथरूण झटकलं होतं. पाटा हुंगून बघितला होता. हळद सापडली नाही, तेव्हा तिला न्हाणीत बसवून तोंड आणि हात साबणाने घासून काढले होते. ज्या घरात तिच्या केसांना पाणी नव्हतं, त्या घरात तिची हळद उतरवायला घागरभर पाणी निघालं. तोंडाला कधी साबण न लावणारी बाई ती... आई मला सांगत होती की दोनदा घासलं तरी हळद निघेना.

मी आत गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि माझा आवाज ऐकूनही तिने पदर पुढे ओढला. "मी कुसुम आहे, वहिनी," म्हणाले, तरी ती वळली नाही. मग मी तिला धरून उठवलं, मागच्या दाराच्या उजेडात आणलं आणि पदर मागे सारला. डोळ्यांत पांढरं असं काही उरलंच नव्हतं. मी तिथूनच ओरडले, "आई, इकडे ये! हळद डोळ्यांत घालतं का गं कुणी?"

आई आली. तिने बघितलं. मग ती खाली बसली. वहिनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला स्वतःला काहीच कळलं नव्हतं, कारण तिच्याजवळ आरसा नव्हता. हात पिवळे दिसतात म्हणून तिने विचारलं होतं, तर उत्तर म्हणून साबण मिळाला होता. "काय झालंय, वन्सं? सांगा की," ती म्हणाली. मी सांगितलं. तेव्हा ती जे म्हणाली ते मला आयुष्यभर पुरणार आहे. ती म्हणाली, "म्हंजी हळद न्हाई ना? सांगा बरं आत्याबाईंना."

नगरला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टर तरुण होते, रागावले. घरात माणसं किती, त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. "आणि एकाच्याही लक्षात आलं नाही? हिच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं का?" धाकटा भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. त्या डॉक्टरांना काय सांगणार? बघत नव्हतं, डॉक्टर, खरोखरच बघत नव्हतं. आधी आणलं असतं तर विश्रांती आणि पथ्यावर ती वाचलीही असती, असं ते म्हणाले. माझ्या मते तर ती नक्की वाचली असती. पथ्य पाळण्यात तिचा हात धरणारं कोण होतं?

ती गेल्यावर गल्लीतल्या बायका बसायला आल्या. काय कांती होती, काय केस होते, शेवटपर्यंत जसेच्या तसे, म्हणाल्या. भिंतीवरून 'कुणासाठी' विचारणाऱ्याच त्या. एकीने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की ती शिकेकाईत आणखी काय घालायची, मुलीचे केस फार गळतात. मी तिला उठून जायला सांगितलं. भांडण झालं, झालं तर झालं. त्या बाईला हवं असलेलं आता इथे छापून येतंच आहे. शिकेकाई, रिठे, संत्र्याची साल. घ्या लिहून. आणि तुमच्या घरात कुणी अंधारात बसलेलं असेल, तर तिला आधी उजेडात आणून तिच्याकडे बघा. त्याला डाळीचं पीठ लागत नाही.

परवा मी शेवगावला गेले. आईशी फारसं बोलत नाही मी, कामापुरतं बोलते. सकाळी ती ओट्यावर बसली होती. मला हाक मारली आणि म्हणाली, "कुसुम, माझ्या डोळ्यात बघ बरं जरा. पिवळं न्हाईत ना?" धाकट्या भावाच्या बायकोने आतून सांगितलं की हे रोजचं झालं आहे, दूधवाला आला तरी त्याला विचारतात. मनात आलं की म्हणावं, कशाला बघू, तुझ्याकडे बघणारी तू घालवलीस. पण तिने स्वतःच पदर मागे सारला होता. इतक्या वर्षांत मी तिला तसं पहिल्यांदाच बघत होते. मी तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि खालची पापणी ओढून बघितलं.

"चांगले आहेत," मी म्हणाले.

"नीट बघ."

मी नीट बघितलं. पांढरं अगदी स्वच्छ होतं. बुबुळं काळी नव्हती, घारी होती. माझ्या आईचे डोळे घारे आहेत, हे मला त्या सकाळी कळलं.