जिकडं जायचं तिकडं तोंड

माझ्या सेंटरवर आले की काका आधी खुर्ची दाराकडे फिरवायचे, मग टेकायचे. "जिकडं जायचं तिकडं तोंड पायजे, भाऊ." मी सिहोऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देतो. खुर्च्या पुन्हा सरळ करता करता माझा जीव जायचा.

काका तलावात मासे धरत. त्यांची पोरगी शाळेतून नौकानयनाच्या अकादमीत निवडली गेली आणि तिथून थेट अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठात. का, तर नाव चांगली वल्हवते म्हणून फी माफ! काकांच्या पचनी हे पडेना.

"दिवसाले किती मासोळ्या मारतेत थे?"

"एकही नाही."

"मंग कायले वल्हवून राहिले बापा?"

एकदा पोरीनं शर्यतीचा व्हिडिओ पाठवला. काका ताडकन उठले. नावेत आठ पोरी, आणि आठही जणी जायच्या दिशेला पाठ करून! टोकाला एक बारकी पोरगी तेवढी समोर बघत नुसती ओरडत होती.

"एकटी हेच सरळ बसली, अन् हिच्याच हातात वल्हं नाही! काहून?"

आता मला काय माहीत? माझ्याकडे सातबारा मिळतो.

हसण्यावारी नेलं असतं, पण दुसऱ्या वर्षी पोरगी मागे पडायला लागली. नावेतली जागा गेली तर फीमाफी जाणार, शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागणार. काका जेवेनात. त्यांच्या मते कारण उघड होतं. मला तिच्या कोचला पत्र लिहायला बसवलं: 'गुरुजी, पोरीले सरळ बसवा. आमच्या सात पिढ्या सरळ बसल्या.' आणि मी मूर्खानं ते इंग्रजीत करून पाठवलंसुद्धा!

उत्तरादाखल टोपी आली. तिच्यावर विद्यापीठाच्या संघाचं चिन्ह, चिडलेला बगळा. "आमच्या मासोळ्या खाते तो?" काका भडकले. तरी ती टोपी त्यांच्या डोक्यावरून उतरली नाही.

मग एकदा काका सेंटरवर शिरता शिरताच पोरीचा फोन आला. "बाबा, जागा राहिली माही. असं बसलं का पायाचा जोर लागते. अन् निघालो तो काठ दिसत राहते."

"अन् पोचाचं तिकडचं?"

"थे नाही दिसत, बाबा."

काकांनी फोन खिशात टाकला. त्या दिवशी खुर्ची दाराकडे न फिरवता, होती तशीच ठेवून गेले.

सुट्टीत पोरगी आली. परत जाताना काकांनी तिला डोंग्यातून तलावापलीकडे, रस्त्यावर आणून सोडलं. तुमसर रोड स्टेशनपर्यंत मी नेणार होतो. ती पाया पडली. "जाय," एवढंच म्हणाले आणि डोंग्यात बसले, ते आमच्याकडे तोंड करून. जन्मात पहिल्यांदा!

डोंगा आधी गोल फिरला, मग शिंगाड्याच्या वेलांत शिरला.

"डावीकडं, बाबा! मागं खुंट आहे!" पोरगी ओरडली.

धाडकन आदळले. बगळ्याची टोपी पाण्यात पडली. मी घड्याळ दाखवलं, गाडी चुकेल म्हटलं, पण ती काठावरून हातवारे करत ओरडतच होती, डोळे पुसत आणि हसत. काका ती सांगेल तसे वल्हवत गेले, लहान लहान होत. गावच्या काठाला लागेपर्यंत त्यांनी मान एकदाही वळवली नाही.